अर्ज तुमचा हाय

सरांच्या विरोधातला तक्रारअर्ज माझ्या अक्षरात होता. वर्गात माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडं आलं, असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत आले. खरं असं, की मजकूरही माझाच होता. 'इतिहासाचे सर वर्गात वेळेवर येतात, पण शिकवत नाहीत. नोट्स देत नाहीत. प्रश्न विचारला तर "मला येत नाही" असे म्हणतात. आमचे शैक्षणिक नुकसान होत आहे.' खाली वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या सह्या. तेव्हा मी केजच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

प्राचार्यांकडं जायच्या आधी तो अर्ज सरांच्याच हातात पडला. शिपायानं वरचा 'इतिहास' हा शब्द वाचला आणि कागद सरळ त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सर अर्ज घेऊन वर्गात आले. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी तो सावकाश वाचला, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला.

"अर्ज चांगला हाय," ते म्हणाले. "अक्षर तर लईच चांगलं. पण दुसऱ्या परिच्छेदात पुरावा न्हाई. 'शिकवत नाहीत' म्हणजे नेमकं काय शिकवायचं राहिलंय? ते लिहिल्याबिगर साहेब माझ्यावर कारवाई कशी करतील?"

कुणी हसलं नाही. कारण ते चेष्टा करत नव्हते. कागदाच्या कडेला त्यांनी पेन्सिलनं 'पुरावा?' असं लिहिलंसुद्धा होतं.

मागच्या बाकावरून लिंबाजीनं विचारलं, "मग काय लिहावं सर?" लिंबाजी धनगराच्या घरचा, सहा महिने मेंढरांमागं आणि सहा महिने वर्गात. भीडभाड त्याला ठाऊक नव्हती.

"अभ्यासक्रम बघा. त्यात काय लिहिलंय आन मी काय केलं, दोन्ही शेजारी शेजारी मांडा."

"अभ्यासक्रम कुठं असतो सर?"

एकेकाकडं बघत सरांनी विचारलं, "कुणी बघितलाय?" कुणीच बघितला नव्हता. गाईड बघितलं होतं, मागच्या वर्षीच्या मुलींच्या नोट्स होत्या, बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळणारे 'हमखास येणारे प्रश्न' होते. पण ज्या कागदावरून आमची परीक्षा घेतली जात होती तो कागद आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांखालून गेलेला नव्हता. आणि असा कागद असतो, तो आपल्याला बघता येतो, हेच मुळी नवीन होतं.

"द्या ना सर मग," मी कसंबसं म्हणाले.

"विद्यापीठाच्या वेबसाइटवर हाय. मोबाइल तुमच्या हातात हाय. मी कावून देऊ?"

हे 'कावून', म्हणजे 'का म्हणून', त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा यायचं. ते मूळचे गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचे. पीएच.डी. झालेले, मोठमोठ्या परिषदांना जाऊन आलेले, इंग्रजीतून निबंध वाचणारे. पण वर्गात शुद्ध बोलायचं नाही असा जणू त्यांचा नेमच होता. उंच, वाळके, कानावर कायम पेन्सिल, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या. कॉलेजच्या फाटकाशी ते मोटरसायकल बंद करत आणि तिथून पार स्टँडपर्यंत ढकलत आणत, वर्गांना आवाजाचा त्रास नको म्हणून. फळ्यावर स्वतः कधी लिहीत नसत. खडू कुणाच्या तरी हातात देऊन बाकावर बसत. हजेरीची त्यांची तऱ्हाच निराळी होती. नाव पुकारायचे नाहीत. एक वही फिरायची, तिच्यात सहीपुढं 'आज कशासाठी आलो' हे एका ओळीत लिहायचं. 'हजेरी भरावी म्हणून' असं लिहिलेलं चालायचं. 'काल नारायणगडाला गेलतो, पाय दुखतेत, बसायला आलो' हेही चालायचं. रकाना कोरा असेल तर मात्र गैरहजर. मी वर्षभर 'ज्ञान मिळवण्यासाठी' असं लिहीत होते. एकदा त्यांनी वही माझ्यापुढं ठेवून विचारलं, "रोजच?" मला राग आला होता. अर्जामागं तोही राग होता.

असो. आम्ही अभ्यासक्रम उतरवून घेतला आणि चार-पाच जण तीन दिवस लायब्ररीत बसलो. प्रत्येक मुद्द्यापुढं लिहिलं : झाला, अर्धा झाला, झाला नाही. सरांनी आमचा दुरुस्त केलेला अर्ज तपासला आणि आमच्या नजरेतून सुटलेला, त्यांच्याच विरोधातला आणखी एक मुद्दा काढून दिला. मग तो दोन पानी अर्ज रीतसर प्राचार्यांकडं गेला. सरांना खुलासा मागवणारं पत्र आलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'तक्रार खरी आहे; राहिलेला भाग एका महिन्यात शिकवतो.'

आणि त्यांनी शिकवलं. तो महिना मला अजून आठवतो. हातात टिपण नाही, पुस्तक नाही. निजामाच्या राज्यातली तालुक्याची कचेरी ते अशी उभी करायचे, की साहेबापुढं कागद मांडणारा पेशकार आत येऊन बसलाय असं वाटायचं. शेजारच्या वर्गातली मुलं आमच्या दाराशी येऊन उभी राहायची. मी भराभरा लिहून घेत होते आणि मनातल्या मनात शरमत होते. ज्या माणसाला एवढं येतं त्याच्याविषयी मी काय लिहिलं होतं! पाचव्या आठवड्याच्या सोमवारी ते आले आणि नेहमीसारखे बाकावर जाऊन बसले. "राहिलेलं झालं. आता तुमचं सुरू करा."

न राहवून मी विचारलं, "सर, इतकं छान शिकवता, मग रोज का नाही शिकवत?"

"महिनाभर तुमी काय केलं?"

"ऐकलं."

"आन?"

"लिहून घेतलं."

"आन माझ्यावर अर्ज करायचा होता तवा?"

मी आठवू लागले. तेव्हा आम्ही अभ्यासक्रम शोधला होता. गेल्या दोन वर्षांच्या वह्या तपासल्या होत्या. कुठला मुद्दा झाला म्हणायचा आणि कुठला नाही, यावरून कडाक्याचं भांडलो होतो. त्या तीन दिवसांतलं सगळं मला तोंडपाठ होतं. महिनाभराच्या व्याख्यानांतला मात्र पेशकार तेवढा राहिला होता. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

त्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावर आम्हाला आणखी एक गोष्ट सापडली होती. तिसऱ्या वर्षाला चार ऐच्छिक पेपर होते, त्यांतला एक विद्यार्थ्यांनी निवडायचा. आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं एकच चालायचा. दुसरेही असतात हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्यांतला एक होता 'मराठवाड्याच्या इतिहासाची साधने'. निजामाच्या काळातलं उर्दू दफ्तर वाचायचं आणि एका जुन्या कागदावर स्वतः प्रकल्प करायचा. तो वाचून माझ्या अंगात काहीतरी सळसळलं. आमच्याकडं तहसीलपासून शाळेपर्यंत सगळे जुने कागद उर्दूत, आणि ते वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. आम्ही सात जण तयार झालो आणि सरांकडं गेलो.

"मला उर्दू येत न्हाई," ते म्हणाले. इतर लोक आपल्या पदव्या सांगतात तितक्या मोकळेपणानं ते हे वाक्य बोलत.

"मग कोण शिकवणार?"

"ते मला कावून विचारता? पेपर कुनाला पायजे?"

प्राचार्यांकडं जायचं ठरलं. मी तोवर प्राचार्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील एसटीत मेकॅनिक. साहेबाच्या खोलीत शिरताना ते अजूनही चप्पल बाहेर काढतात. सर आमच्यासोबत दारापर्यंत आले आणि तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले.

"चला ना सर," मी म्हणाले.

"अर्ज तुमचा हाय."

आत मी आणि लिंबाजी. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "पोरांनो, हौस म्हणून ठीक आहे. पण शिकवणारं कुणी नाही. उद्या नापास झालात तर जबाबदार कोण?"

मी लिंबाजीकडं बघितलं. तो छताच्या पंख्याकडं बघत होता.

"आम्ही," मी म्हणाले. "आणि सर, उर्दू शाळेतल्या रिटायर बाई, आपा म्हणतात त्यांना, शिकवायला तयार आहेत. आम्ही त्यांना भेटून आलोत."

प्राचार्यांनी अर्जावर शेरा लिहिला : 'विद्यार्थ्यांच्या जबाबदारीवर मंजूर.'

बाहेर आल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी आमचं तोंड उतरलं. नापास झालो तर दोष आमचाच, असा त्या शेऱ्याचा अर्थ होता. लिंबाजीनं सगळा राग सरांवर काढला. "तुमी बाहेर कावून थांबले सर? तुमी आत असते तर साहेबांनी असं लिहिलं नसतं."

"मी आत असतो तर साहेब माझ्याशी बोलले असते," सर म्हणाले आणि मोटरसायकल ढकलत निघून गेले.

आपा आठवड्यातून तीनदा दुपारी यायच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात वेताची बारीक छडी. छडी मारायला नव्हती, अक्षराच्या कुठल्या टोकापासून सुरुवात करायची ते दाखवायला होती. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा आम्ही सात जण दुसऱ्या रांगेत आणि पहिल्या बाकावर पाटी घेऊन सर.

"ये कौन?" आपांनी विचारलं.

"मी आठवा," सर म्हणाले.

चोपन्न-पंचावन्न वर्षांचा, डॉक्टर म्हणवला जाणारा माणूस आमच्या पुढ्यात बसून अलिफ, म्हणजे उर्दूचं पहिलं, सरळ उभं अक्षर, काढायला लागला. आणि त्यांना खरंच येत नव्हतं! हात उजवीकडून डावीकडं वळायलाच तयार नसे. अलिफ वाकडा व्हायचा. टिंबं नको तिथं पडायची. आपांना त्यांच्या पदव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. "अलिफ कू ऐसा कायकू मरोडते सर? सीधा खडा करो ना उसकू. बच्चे भी निकालतें." सर मान खाली घालून पुन्हा काढायचे. गृहपाठ दिला तर तो करून आणायचे. केला नसेल तर उभे राहून सांगायचे, 'आपा, काल केला न्हाई.' आमच्यातल्या कुणी बहाणा सांगायचं धाडस त्यानंतर केलं नाही.

नावं लिहायचा सराव आपांनी फार करून घेतला. आपलं, बापाचं, आज्याचं, त्याच्या बापाचं, जेवढी ठाऊक असतील तेवढी. मी चार पिढ्यांपर्यंत गेले : मी, वडील, आजोबा, आणि पणजोबा केरबा. केरबाच्या वडलांचं नाव मसू, एवढंच आजी सांगायची. केरबांनी जन्मभर अंगठा उठवला, हेही तीच सांगायची. सरांनी मागं वळून माझ्या पाटीवरची तीच नावं आपल्या पाटीवर उतरवली, कारण त्यांना 'बे', म्हणजे 'ब', नीट जमत नव्हता आणि केरबात तो होता.

गावात बातमी पसरली की कॉलेजचा मास्तर पोरांच्या वर्गात बसून उर्दू शिकतोय. एका दुपारी लिंबाजीचे वडील आले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं माळावर कुणाच्या तरी भरवशावर सोडून आलेले. वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मास्तर, माझ्या पोराला शिकवायचं सोडून तुमीच शिकायलाव म्हनं?"

"होय," सर उभं राहून म्हणाले.

"पोरासंगं?"

"होय. त्याच्यापेक्षा मागं हाय मी."

ते सरांच्या पाटीकडं बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता लिंबाजीचं कॉलेज सुटलं.

"मग बरंय," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगं खोटं बोलायलंय." आणि काठी टेकत निघून गेले.

दिवाळीनंतर चाचणी घ्यायचं ठरलं. पेपर कुणी काढायचा? सर म्हणाले, "ज्याला सगळ्यात जास्त येतं त्यानं." आपांनी माझ्याकडं छडी केली. मी पेपर काढला, आपांकडून तपासून घेतला. वीस मार्कांचा, आठला पास. बाकीचे सहा जण आणि सर, असे सात परीक्षार्थी. मी वर्गात फेऱ्या मारत होते आणि सर खाली मान घालून लिहीत होते. मला हसू येत होतं, त्याहून जास्त भीती वाटत होती.

घरी पेपर तपासायला बसले. सरांना सहा मार्क पडत होते. दोनदा तपासले, तीनदा तपासले, सहाच. मी माझ्या जन्मात कुठल्या गुरुजींना मार्क दिले नव्हते आणि पहिल्याच फटक्यात नापास करायचं? एका ठिकाणी त्यांनी 'बे'चं टिंब खाली द्यायच्या ऐवजी वर दिलं होतं, म्हणजे अक्षर 'न'चं 'नून' झालं होतं. तिथं मी बरोबरची खूण केली. दुसरीकडं तसंच. आठ. पास.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. सरांनी आपला पेपर वाचला. मग वहीचं पान फाडून त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. तो अर्ज होता. 'माझी उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी सादर करीत आहे.' खाली सही आणि हजेरी क्रमांक आठ.

सगळा वर्ग बघत होता. त्यांनी पेपर माझ्यापुढं धरला. "हे टिंब कुठं हाय?"

"वर."

"कुठं पायजे होतं?"

"खाली."

"मग बरोबर कसं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही सर आहात म्हणून."

"म्हणजे हे दोन मार्क सरांना मिळाले," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला न्हाई मिळाले. सुजाता, नापास मी झालोय. ते माझ्याकडून काढून घेऊ नको. उद्या मला कसं कळायचं की कुठं चुकलं?"

मी लाल पेन उघडलं आणि दोन्ही खुणा खोडल्या. आठ खोडून सहा केले. त्यांनी पेपर घेतला, 'आता बरोबर' म्हणाले आणि आपल्या बाकावर जाऊन बसले. माझ्या आयुष्यात मला बरंच काही शिकवलं गेलं. पण आदर म्हणजे काय आणि लाचारी म्हणजे काय, यांतली रेघ मला त्या दिवशी दिसली. ती एका टिंबाएवढी होती.

सर त्या चाचणीला आणखी दोनदा बसले. दुसऱ्यांदा सात. तिसऱ्यांदा अकरा. त्या दिवशी त्यांनी बालूशाही आणली आणि स्टाफरूममध्ये सांगत फिरले, 'पास झालो!' काही प्राध्यापकांना वाटलं, यांना काही तरी लागीर झालंय. आपांनी मात्र त्यांना पाटीवर अलिफ काढायला लावला आणि म्हणाल्या, "अब सीधा है."

मग प्रकल्पाची वेळ आली. प्रत्येकानं एक जुना कागद शोधायचा होता. त्या दिवसांत जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या जुन्या नोंदींसाठी गावोगाव माणसं फिरत होती, त्यामुळं शाळाशाळांच्या माळ्यावरची रजिस्टरं खाली उतरली होती. सर एकदा सहज म्हणाले, "तुझ्या गावच्या शाळेत निजामाच्या काळातलं रजिस्टर हाय म्हनं. बघ, परवानगी मिळते का." मी मुख्याध्यापकांना अर्ज केला. त्यांनी शनिवारी बोलावलं. मी, लिंबाजी आणि सर जीपनं गेलो.

रजिस्टर लाल फडक्यात बांधलेलं होतं. कडा किडीनं खाल्लेल्या, पण शाई काळीभोर. सर आत बसले नाहीत. "तुमचं चालू द्या," म्हणाले आणि व्हरांड्यात पोरांच्या चपलांच्या ओळीशेजारी जाऊन बसले. रकाने होते : नाव, वल्दियत म्हणजे बापाचं नाव, वय, दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटी कैफियत, म्हणजे शेरा. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक नाव लावायला पाच-पाच मिनिटं. लिंबाजी आपल्या लोकांचं कुणी सापडतंय का बघत होता. शेवटी म्हणाला, "आमची माणसं तवा मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरात असत्याल. मेंढरांचं रजिस्टर असतं तर सापडले असते."

दोन तास झाले असतील. एका पानाच्या मध्यावर माझं बोट थांबलं. काफ, ये, रे. मग एक अक्षर, मग अलिफ. मी ती ओळ दोनदा वाचली आणि सरांना हाक मारली. ते आत आले, माझ्या मागं उभे राहिले.

"काय लिहिलंय?"

"केर... सर, हे अक्षर..."

"टिंब कुठं हाय?"

"खाली."

"मग?"

"बे. केरबा." "केरबा वल्द मसू. उमर आठ साल."

"पुढं?"

पुढं कैफियत. तिथं चार महिन्यांनंतरचा शेरा होता. "गैरहाजिर. नाम खारिज." गैरहजर म्हणून नाव काढलेलं.

माझं बोट त्या ओळीवरच होतं. आमच्या घरात सगळे सांगत आले होते की शिक्षण आजोबांपासून सुरू झालं, त्याआधी कुणाला शाळेची पायरी माहीत नव्हती. आणि इथं आठ वर्षांचे केरबा होते. कुणीतरी, बहुतेक मसूनंच, त्यांचं बोट धरून त्यांना इथवर आणलं होतं. चार महिने ते आले होते. मग काय झालं, कुणी बोलावलं नाही की कुणी येऊ दिलं नाही, कामाला लावलं की काय, ते रजिस्टरात नव्हतं. सरांनी वही माझ्याकडं सरकवली. मी ती नोंद उतरवून घेतली, उर्दूत आणि मराठीत.

संध्याकाळी घरी वडलांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पण आज्जा तर अंगठा लावायचा."

"लावायचे. पण चार महिने शाळेत गेलते."

"कुणी वाचलं? तुझ्या सरांनी?"

"न्हाई. मी वाचलं."

त्यांनी मला ती ओळ वहीतून पुन्हा वाचायला लावली. मग माझ्या आईला हाक मारली आणि तिलाही ऐकवायला लावली.

वर्षाअखेर सातांपैकी सहा जण पास झाले. सातवा पुढच्या खेपेला झाला. त्यानं कुणावर बोट दाखवलं नाही. आमच्या मागच्या बॅचनं चारांतला पर्यटनाचा पेपर निवडला आणि आपांचे तास थांबले. मला वाईट वाटलं. सरांना अजिबात नाही. "त्यांनी कागद वाचून निवडलं ना?" एवढंच विचारलं. मी पुढं शिकले, आता अभिलेखागारात उर्दू दफ्तर लावायचं काम करते. लिंबाजी शिक्षक झाला. सर निवृत्त होऊन तलवाड्याला गेले.

गेल्या वर्षी केरबांच्या नोंदीची साक्षांकित प्रत हवी म्हणून मी पुन्हा त्या शाळेत गेले. मुख्याध्यापक तेच होते. फडकं सोडता सोडता म्हणाले, "तुमचे सर बरे आहेत का? कमाल माणूस. तुमी यायच्या आठवडाभर आधी ते एकटेच आलते."

"कुठं? इथं?"

"मग! सकाळपासून बसले होते. पाटी घेऊन आलते संगं. एकेक अक्षर पाटीवर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. दुपारी तुमच्या या नोंदीच्या पानावर थांबले आन तिथंच तासभर बसले. मी म्हणलं, सर, फोटो काढून देऊ का या पानाचा? तर म्हणले, नको. ज्याचं हाय ते येईल, त्याला वाचू द्या."

मी पान उघडून पुढ्यात घेतलं. पेन्सिल कानावर ठेवून फिरणारा, दिसेल त्या कागदाच्या कडेला काहीतरी लिहिणारा तो माणूस. मी समासात बघितलं, ओळीच्या खाली बघितलं, पान उजेडाकडं धरून बघितलं. कुठंही एक खूण नव्हती.